आई-बाबांना पत्र: आपली फियाट कन्याकुमारीला निघण्यापूर्वी

पुणे, दि. १२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

अडुसष्ट वर्षांची गाडी घेऊन कन्याकुमारीपर्यंत जाण्याचा हट्ट कशासाठी, असे आईने फोनवर दोनदा विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून गाडीचे कोणते काम कशासाठी केले ते सविस्तर लिहिते आहे.

जानेवारीतली ही शर्यत सुमारे दीड हजार किलोमीटरची असली तरी ती वेगाची नाही. प्रत्येक टप्पा ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने पार करायचा असतो, आणि लवकर पोहोचले तरी उशिरा पोहोचल्यासारखेच गुण जातात. इटलीत १९२७ ते १९५७ या काळात ब्रेशिया–रोम–ब्रेशिया अशी जी हजार मैलांची शर्यत होत असे, ती खरोखर वेगाची होती. तीसुद्धा आता जुन्या गाड्यांसाठी याच पद्धतीने घेतली जाते. बाजूला बसून वेळेचा हिशोब तुमची नात ठेवणार आहे.

आता ब्रेकविषयी. ही गोष्ट तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावी, असे मला वाटते. सप्टेंबरमध्ये चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ब्रेकचे पेडल एकदम तळाला गेले. मी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेला उभी केली. कोणालाही काही झाले नाही. मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरमधला रबर कप फाटून सगळे ब्रेक ऑइल गळून गेले होते. या गाडीत चारही चाकांना मिळून एकच ब्रेकलाइन असल्यामुळे एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात, हे मला ठाऊक होते. पण त्या उतारावर ते पायाला कळले. त्याच आठवड्यात मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, सगळे पाइप आणि ब्रेक लायनर नवे घातले. अर्धे सामान नाना पेठेत मिळाले आणि उरलेल्यासाठी तीन आठवडे वाट पाहिली. मूळचे भाग राखण्याचा आग्रह मलाही आहे, पण तो ब्रेकच्या बाबतीत मी धरणार नाही. घाटात ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात, म्हणून बाबांनी शिकवल्याप्रमाणे ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरणार आहे.

रेडिएटरची जाळी क्षाराने बुजली होती, ती नवी बसवली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते, त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला.

इंजिन मात्र उघडले नाही. १०८९ सीसीचे ते इंजिन चारही सिलिंडरांत सारखे कॉम्प्रेशन दाखवते आहे, ते बाबांनी वेळच्या वेळी बदललेल्या ऑइलमुळेच. पेट्रोल पंप काढला तेव्हा त्याच्या बुडाशी पोस्टकार्ड कापून केलेले पॅकिंग निघाले. ऑइल मुरून ते तपकिरी झाले आहे, तरी एका कडेला आजोबांच्या अक्षरातले ‘मुलांस आशीर्वाद’ एवढे वाचता येते. बाबा, ते तुम्ही कोणत्या प्रवासात कापले होते? मी ते पुसून वहीत ठेवले आहे.

एक निर्णय मात्र तुमच्यावर सोपवते. पंप इंजिनला चिकटून असल्याने उन्हाच्या चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. खंबाटकीत तुम्ही पंपावर ओले फडके ठेवायचात आणि आई फिरकीच्या तांब्यातले पाणी त्यावर ओतायची, ते मला अजून दिसते. मिस्त्री म्हणतात की टाकीजवळ विजेवर चालणारा पंप लावावा. माझे मन मूळच्या पंपाकडे ओढते, पण बरोबर मुलगी आहे.

येत्या रविवारी सगळे सामान भरून, चाचणी म्हणून गाडी साताऱ्याला आणते आहे. पहाटे निघाले की चढावर ऊन लागणार नाही आणि परीक्षा होणार नाही, म्हणून मुद्दाम अकरानंतर निघेन. आई, जेवणासाठी थांबू नकोस. बाबा, तुम्ही बॉनेट उघडून पाहा आणि मग पंपाचे सांगा.

तुमची,
मीनल