एगलेस म्हणजे शाकाहारीच असे नाही

संपादक महोदय,

पुण्यातल्या बेकऱ्यांत ‘एगलेस चीजकेक’ अशी पाटी दिसली, की अंडे न खाणारी मंडळी निर्धास्त होतात. अंडे नसते हे खरे. पण न भाजता फ्रीजमध्ये सेट केलेल्या चीजकेकला आकार धरायला बहुधा जिलेटिन नाहीतर चायना ग्रास लागते. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, चायना ग्रास समुद्री शेवाळापासून. पाकीटबंद केकवर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे पाहता येते. काचेमागच्या सुट्या तुकड्याबाबत मात्र विचारावेच लागते.

खाताना फरक थोडाफार कळतो. जिलेटिनचा तुकडा लवचीक असतो, तोंडात विरघळतो आणि तिशी-पस्तिशीच्या अंशांत बसकण मारतो. एप्रिलच्या दुपारी स्कूटरवरून नेऊ नये तो हाच. चायना ग्रास वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागते, त्यामुळे तो उन्हात उभा राहतो, पण खरवसाच्या वडीसारखा तुटतो.

भाजलेल्या न्यूयॉर्क पद्धतीत हे काम अंडी करतात: साधारण ९०० ग्रॅम क्रीम चीजला चार-पाच. तो १६० अंशांच्या आसपास, बरेचदा गरम पाण्याच्या ट्रेत ठेवून भाजतात. जास्त भाजला किंवा एकदम गार केला, की मधोमध भेग पडते. चव बिघडत नाही, पण जास्त भाजलेल्याच्या कडा कोरड्या होतात. (वरचा ब्लूबेरीचा जाड थर कधीकधी ही भेगच झाकत असतो.) बास्क प्रकार मूळचा स्पेनमधल्या सान सेबास्टियनचा. त्याला बिस्किटाचा तळ नसतो, भट्टी दोनशे अंशांच्या वर असते आणि माथा मुद्दाम करपवलेला असतो. जळका म्हणून परत करू नये. जपानी प्रकारात फेटलेला पांढरा बलक जास्त, चीज कमी. तो स्पंजच म्हणा ना.

भाजलेला एगलेसही होतो: चक्का, कंडेन्स्ड मिल्क, थोडे कॉर्नफ्लोअर. चक्क्याचे पाणी नीट निथळले नसेल, तर बिस्किटाचा तळ लगदा होतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तिच्यात वनस्पती तेल चीजच्या आधी आले, तर तुम्ही मुख्यतः व्हिप्ड टॉपिंगचे, म्हणजे वनस्पती तेलाच्या फेटलेल्या क्रीमचे, पैसे देत आहात. असा केक खाल्ल्यावर टाळूवर तुपकट थर राहतो.

बेकरीचालकांना विनंती एवढीच, की सुट्या तुकड्याच्या पाटीवर किमतीशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: भाजलेला की सेट केलेला, अंडे आहे का, आणि जिलेटिन की चायना ग्रास. गिऱ्हाइकांनीही उरलेला केक फ्रीझरमध्ये टाकण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. भाजलेला गोठवून चालतो. चायना ग्रासचा मात्र बाहेर काढल्यावर पाणी सोडतो.

— एक वाचक, कोथरूड, पुणे