सनरूफच्या नळ्यांची सफाई हवी

मा. संपादक,

पावसाळ्यात गाडीचे सनरूफ (छतातील उघडणारी काच) गळू लागले की अनेक गॅरेजांत त्यावर सरसकट सिलिकॉन थापले जाते, हे थांबायला हवे. सनरूफभोवतीचे रबर सगळे पाणी अडवील अशी रचनाच मुळात नसते. आत शिरलेले पाणी चौकटीतल्या पन्हळीत जमून कोपऱ्यांतील नळ्यांवाटे गाडीखाली उतरते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पालापाचोळ्याने या नळ्या तुंबतात आणि पाणी छताच्या अस्तरात मुरते. पन्हळीत पेलाभर पाणी ओतून ते खाली ठिबकते का पाहावे; ठिबकत नसल्यास नळीत नायलॉनची मऊ दोरी हलकेच सारावी. कॉम्प्रेसरची जोराची हवा मात्र मारू नये, कारण तिने नळी आतल्या आत निखळू शकते आणि मग अस्तर उतरवण्याचा खर्च (तोही ग्राहकाच्याच माथी) वाढतो. पावसाळापूर्व सर्व्हिसिंगमध्ये कंपन्यांनी ही सफाई समाविष्ट करावी.

– एक वाचक, ठाणे