दादाच्या शेतावर जाण्याबद्दल आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा फोन ठेवून देतात, म्हणून पत्र लिहिते आहे. तासगावच्या पुढच्या, मानसिक आजार असलेल्या माणसांसाठीच्या त्या शेतावर राहून काम शिकायचे दादाचे पक्के झाले आहे. अनामत रक्कम मी भरली आहे आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याला न्यायला मी स्वतः सांगलीला येत आहे. दिवाळीनंतर तो माझ्याबरोबर तिथे राहून आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रवेशाच्या अर्जावर त्याने स्वतः सही केली, हे मात्र मी सांगितले नव्हते. सहीपूर्वी त्याने तिथल्या बाईंना दोनच गोष्टी विचारल्या: घरी फोन करता येईल का, आणि नको वाटले तर परत जाता येईल का. दोन्हींना होकार मिळाल्यावरच त्याने पेन हातात घेतले.

बाबा, २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडाने बांधलेली मनोरुग्ण माणसे आगीत जळून मेली, त्या बातमीचे कात्रण तुमच्या कपाटात अजून आहे, आणि अशा जागेचे नाव काढले की तुमच्या डोळ्यांपुढे तेच येते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली आहे. डोक्याचे केस भादरण्याची किंवा गणवेशाची सक्ती करता येत नाही, काम करायलाही भाग पाडता येत नाही, आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. कायदा कागदावरच राहतो, हे तुमचे वाक्य मला पाठ आहे. म्हणूनच खोल्यांना बाहेरून कड्या नाहीत ना, हे मी फिरून पाहिले, स्वयंपाकघरातले डबे उघडले आणि मोबदल्याची वहीही मागून घेतली. तिच्यात प्रत्येकाची रक्कम आणि तिच्यापुढे त्याची सही आहे. फुकट राबवून घेतील ही शंका तेव्हा माझी तरी फिटली.

तिथे दिवसभर करतात काय, असे आईने विचारले होते. नव्या माणसाला आधी रोपवाटिकेत घेतात. ९८ खणांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचे, बोटाने प्रत्येक खणात खळगा करायचा, एकेक बी टाकून वरून झाकायचे, आणि असे ट्रे एकावर एक रचून बी उगवेपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदाखाली ठेवायचे. यातले एका वेळी एकच काम शिकवतात, आणि ते हाताला बसल्याशिवाय पुढचे देत नाहीत. दादाने पहिल्या दिवशी नुसते खळगे केले. दुसऱ्या दिवशी मिरचीचे बी टाकताना एका खणात दोन पडली, तर त्याने टाचणी मागून घेऊन त्यातले एक अलगद उचलले. शिकवणारे गृहस्थ ‘राहू द्या’ म्हणत होते, तरी ऐकले नाही. तुमचे शाईचे पेन खोलून पुन्हा जोडणारा मुलगा तोच आहे, बाबा. डिप्लोमा सुटल्यापासून दुसऱ्या कोणाला हवे असलेले काम त्याच्या हाती आलेच नव्हते, आणि घरात तर आपण त्याला पाण्याचा तांब्याही भरू देत नाही.

पुढे गांडूळखत आणि गोठा आहे, आणि हंगामात बेदाणा. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात आणि साधारण पंधरा दिवसांनी बेदाणा झाडून निवडतात. बुडवायचे काम नव्यांना देत नाहीत. दादा निवडायला बसेल.

आता त्याच्या आबाळीची काळजी. सकाळी गोळीची गुंगी उतरेपर्यंत कोणी घाई करत नाही, आणि उन्हाळ्यात बारा ते चार शेतात कोणालाच पाठवत नाहीत. रात्री लाळ गळत असेल तर उशीवर टॉवेल अंथरतो का, हे मी सांगण्याआधी तिथल्या बाईंनीच विचारले, आणि माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. क्लोझापीन या त्याच्या गोळीमुळे होणारी बद्धकोष्ठता अंगाशी येऊ शकते, म्हणून त्याचीही रोज चौकशी होते. खोलीत तिघेजण आहेत. खिडकीजवळची खाट त्याने मागून घेतली. जेवणात भाकरी, भाजी, आमटी आणि मऊ भात असतो. आमटीत गूळ नसतो, आई, तेवढे त्याला चालवून घ्यावे लागेल.

आताच का, हा बाबांचा प्रश्न. तुम्ही दोघे हिंडते-फिरते असताना, घरी त्याचे येणे-जाणे चालू असताना ती जागा त्याच्या अंगवळणी पडावी, आणि घर, माणसे, सवयी एकाच दिवशी बदलायची वेळ त्याच्यावर कधी येऊ नये, असे मला वाटते. याहून उघड मी लिहिणार नाही. महापुराच्या त्या रात्री तुम्ही दोघांनी त्याला कसे सांभाळले, ते मी विसरलेले नाही. आपण दादाला घराबाहेर काढतो आहोत असे आत्या बोलली, ते मनाला लावून घेऊ नका. आयर्विन पुलावर पाणी बघायला तो मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा आणि कठड्याशी उभे असेपर्यंत माझ्या फ्रॉकचे टोक मुठीत धरून ठेवायचा, हे आत्याला कुठून माहीत असणार?

आता सूचना, आणि त्या पाळायच्याच आहेत. बाबा, त्याच्या पिशवीत विड्यांचे बंडल लपवू नका. विडीच्या धुराने क्लोझापीन शरीरात लवकर मोडते, आणि विडी एकदम सुटली की तीच मात्रा जास्त होऊन बसते. डॉक्टर त्या हिशोबाने गोळी बदलून देणार आहेत, मध्येच दोन विड्या ओढल्या तर सगळे बिघडेल. त्याला ‘चार दिवसांसाठीच’ असे खोटे सांगू नका. आई, पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन एसटीत बसू नकोस, आणि त्याचा फोन आला की ‘कधी येतोस’ असे न विचारता ‘आज काय केलेस’ असे विचार. दादाला एकटे कसे सोडायचे म्हणून बाबांच्या मोतीबिंदूचे राहिले होते. ते कारण आता उरलेले नाही, मी तारीख घेते.

पूर्ण बाह्यांचे शर्ट, टोपी आणि जुने मऊ टॉवेल काढून ठेवा. रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, आणि गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. बेसनाचे लाडू जरूर दे, आई, पण या औषधाने वजन आणि साखर दोन्ही वाढतात, म्हणून त्याच्यापुरते मोजकेच, आणि खोलीतल्या बाकीच्या दोघांचे वेगळ्या डब्यात.

तुमची,
छोटी