रविवारची गॅल्व्हेस्टन सहल : मासेमारी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रविवारी पहाटे साडेपाचला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कच्या समुद्राकडच्या बाजूला जमायचे आहे. वारा पडलेला आणि पाणी हिरवट असेल, तरच स्पेकल्ड ट्राउट काठाजवळ येतो. पाणी गढूळ दिसले तर सरळ नाश्ता करू. (नावात ट्राउट असला तरी हा मासा आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. रव्यात तळून बघा.)

पाण्यात उतरल्यावर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चला. वाळूत लपलेला पाखट (स्टिंगरे) त्यामुळे आधीच निसटतो. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची आणि डॉक्टर गाठायचा. म्हणून चहाखेरीज गरम पाण्याचा एक थर्मास हवाच. पायावर उघडी जखम असलेल्यांनी पाण्यात उतरू नये, उन्हाळ्यात व्हिब्रिओ या समुद्री जिवाणूचा धोका असतो.

कमरेच्या वर पाण्यात जायची गरज नाही. पहिल्या दोन वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट पट्ट्यातच बरेचदा मासा असतो, आपणच तो तुडवत पुढे जातो!

मुले गळ टाकणाऱ्यांपासून लांब, लाइफ जॅकेट घालून, एका मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. ही पाळी आळीपाळीने. दरवेळी वहिनींनीच का बसायचे? जांभळा बावटा दिसला तर जेलीफिश आहेत असे समजा. बेटाच्या पश्चिम टोकाला खाडी समुद्राला मिळते त्या सॅन लुईस पासकडे कोणीही जाऊ नये, तिथला प्रवाह जीवघेणा आहे.

पाण्यात उतरून गळ टाकणाऱ्या, सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाकडे खाऱ्या पाण्याच्या मासेमारीचा परवाना हवा. माशांची संख्या व लांबी यांचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्या. मोजपट्टी मी आणतो.