मोठी गाडी आमच्यासाठी घेऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल दादाचा फोन आला होता. बाबा, तुम्ही सात सीटची गाडी बघून आलात म्हणे. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही सगळे आलो की एकाच गाडीत मावलो पाहिजे, म्हणून. ऐकून भरून आलं. तरीही ती घेऊ नका, असं मी मनापासून सांगते. आम्ही येऊन चार दिवस राहतो आणि जातो. बाकीचं वर्षभर ती गाडी तुम्ही दोघंच वापरणार. बाजारात जाणं, डेरवणच्या हॉस्पिटलात तपासणी, फार तर कुंभार्ली घाट चढून कराडला मावशीकडे. आम्ही आलो की एखादा दिवस भाड्याची गाडी करू, त्यात काय एवढं!

गाडी बघताना पहिला विचार आईच्या गुडघ्यांचा करा. खाली वाकून बसावं लागतं तेव्हा तिला किती त्रास होतो, ते जुन्या गाडीत आपण बघतोच. पण फार उंच गाडीही तितकीच वाईट. पाय उचलून वर ठेवायचा आणि सगळा भार एका गुडघ्यावर घेऊन चढायचं, हे तिला कसं जमणार? सीट अशा उंचीवर हवी की पाठमोरं होऊन सरळ टेकता आलं पाहिजे, नीट बसलं की मग दोन्ही पाय एकदम आत. दाराखालची पट्टी रुंद असली तर पाय तिथे अडतो, तेही बघा.

आई, तू शोरूममध्ये सोफ्यावरच बसून राहिलीस असं कळलं. या वेळी बाबांच्या आधी तू बस. रोजची साडी, रोजच्या चपला. पुढे बसून बघ, मागे बसून बघ, दोन-तीनदा चढ-उतर कर. दार मुद्दाम अर्धंच उघड, कारण आपल्या अंगणात तुळशीकडच्या बाजूला ते पूर्ण उघडत नाही. उठताना धरायला वर हँडल आहे का, पट्ट्याचं बक्कल हाताला लागतं का, हेही बघ. सेल्समन घाई करेल, करू दे.

बाबा, तुम्ही ऑटोमॅटिकच घ्या. तुमची कंबर आणि डावा पाय आता क्लचसाठी झिजवायचा नाही. त्यातही वेगवेगळे प्रकार असतात. एएमटी स्वस्त पडते आणि मायलेज चांगलं देते, पण आत क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबतं. म्हणून गिअर बदलताना हलका झटका बसतो आणि चढावर गाडी मागे सरकू शकते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या प्रकारची ऑटोमॅटिक जास्त सुरळीत चालते, पण महाग असते. काहीही घेतलंत तरी हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय, हवीच. टेस्ट ड्राइव्ह हायवेच्या सरळ रस्त्यावर उरकू नका. गाडी चढाच्या गल्लीत न्या, मध्येच थांबवा, पुन्हा काढा, आणि तेव्हा आईला मागे बसवा. कुंभार्ली उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घालता येतो का, हेही विचारा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापतात.

मायलेजवर तुम्ही फार अडता. हिशेब करून बघा. वर्षाला ६,००० किलोमीटर धरले, तर १५ आणि २० च्या मायलेजमध्ये १०० लिटरचा फरक पडतो. शंभर-सव्वाशे रुपये लिटर धरलं तरी दहा-बारा हजार. तेवढ्यासाठी सीएनजी घेऊन डिकी सिलिंडरला द्यायची गरज नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, मोठ्यांवर ४०. वाचलेले पैसे सहा एअरबॅग आणि मागच्या कॅमेऱ्यावर घाला. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत त्या मॉडेलला किती तारे मिळालेत, ते मी इथून बघते. एसीला बटणं असलेलीच गाडी घ्या, स्क्रीनवर बोट फिरवत बसलं की रस्त्यावरची नजर हटते.

आता विमा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पुरात गाडीचं झालेलं नुकसान पूर्ण (कॉम्प्रिहेन्सिव्ह) विम्यात मिळतं, पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं आणि त्यात ते गेलं, तर नेहमीच्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोड-कवच वेगळं घ्यावं लागतं. चिपळूणमध्ये राहून ते न घेणं मला पटत नाही. आणि ते घेतलं तरी बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही, टो करूनच न्यायची.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, तसं कोणी म्हटलं तर मला फोन लावून द्या. जुन्या गाडीवर तुम्ही क्लेम केलेला नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, साठलाय. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर मिळतो, पण गाडी तुमच्याच नावावर हवी. म्हणून दादाच्या नावावर घेऊ नका. जुनी गाडी विकताना आरसीवरचं नाव बदललं की नाही, याचा पाठपुरावा मी करेन.

टोकन अजून दिलं नसेल तर थांबा. दिलं असेल तर पावतीचा फोटो पाठवा, बदलता येईल का ते विचारते. शनिवारी मी येतेच आहे, आपण तिघं मिळून जाऊ.

तुमची,
सई