ब्लँक केला होता का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते: ‘जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत अमुक विद्यापीठाचे इतके प्राध्यापक’. फोटो, पुष्पगुच्छ, सायटेशनचा (इतरांनी निबंधांचा संदर्भ किती वेळा दिला त्याचा) आकडा, एच-इंडेक्स (तो १० म्हणजे किमान दहादा उद्धृत झालेले दहा निबंध). अभिनंदन जरूर व्हावे. पण त्या यादीत नेमके काय मोजतात? एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार वाटून घेतलेला एच-इंडेक्स, आणि लेखक एकटा, पहिला किंवा शेवटचा असलेल्या निबंधांची सायटेशन. असे सहा आकडे एकत्र करून क्रमांक लागतो. उत्प्रेरकांवर (स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थांवर) काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या बाबतीत खरा प्रश्न यात कुठेच येत नाही: त्याने लिहिलेली अभिक्रिया दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये चालते का?

ऑर्गनोमेटॅलिक, म्हणजे कार्बन-धातू बंधांच्या, उत्प्रेरणातले सर्वांत परिचित नाव घेऊ. अकिरा सुझुकी, होक्काइडो विद्यापीठ, साप्पोरो. बोरॉनचे रसायन ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे शिकले आणि जपानला परतले. १९७९ मध्ये नोरिओ मियाउरा यांच्यासह त्यांनी दाखवले की पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून आणि सोबत अल्कली असेल, तर बोरॉनला जोडलेला कार्बन हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) असलेल्या कार्बनशी जोडता येतो. कार्बन-बोरॉन बंध तसा थंड स्वभावाचा. नुसत्या पॅलेडियमला दाद देत नाही. अल्कलीमुळे बोरॉनवर ऋणभार येतो आणि मग त्याच्यावरचा कार्बनी गट पॅलेडियमकडे सरकतो. युक्ती काय ती एवढीच. दोन बेंझीन वलये जोडणारी, आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत १९८१ मध्ये ‘सिंथेटिक कम्युनिकेशन्स’मध्ये आली. इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकाच्या सरासरी सायटेशनच्या) आजच्या बाजारात या नियतकालिकाचा भाव अगदी बेताचा आहे. आपल्याकडच्या एखाद्या निवड समितीने तो निबंध बहुधा बाजूला सारला असता. सुझुकींनी पेटंटही घेतले नाही. नोबेल मिळाले २०१० मध्ये, हेक आणि नेगिशी यांच्यासोबत, वयाच्या ८०व्या वर्षी. अभिक्रियेला ‘सुझुकी-मियाउरा’ किंवा नुसते ‘सुझुकी’ म्हणतात; मियाउरांचे नाव अभिक्रियेला आहे, पुरस्काराला नाही.

सायटेशन म्हणाल तर दोघांचा १९९५ चा ‘केमिकल रिव्ह्यूज’मधला आढावा हजारोंनी उद्धृत झाला आहे. पण मूळ निबंध? आज औषधनिर्मितीतला रसायनशास्त्रज्ञ नुसते ‘सुझुकी केली’ असे लिहितो आणि पुढे जातो. डाळीला फोडणी देताना ती कुणी शोधली हे आपण लिहितो का? काम जितके मुरते, तितके ते संदर्भसूचीतून नाहीसे होते. डीन ब्राउन (वरचे हर्बर्ट नव्हेत) आणि बोस्ट्रॉम यांनी २०१४ च्या औषधी रसायनशास्त्राच्या निबंधांची १९८४ च्या निबंधांशी तुलना केली, तेव्हा सर्रास वापरातल्या अभिक्रियांमध्ये नव्याने शिरलेल्या दोनच निघाल्या. त्यांतली एक ही. रक्तदाबाच्या गोळीमुळे लोसार्टन हे नाव घरोघरी माहीत आहे. मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीत त्यातली दोन वलये याच पद्धतीने जोडली होती. बॉस्कॅलिड हे बुरशीनाशक तर टनावारी असेच बनते.

हे शक्य झाले कारण कृती साधी आहे आणि कुणाच्याही हातून चालते. ४-ब्रोमोॲनिसोल (ब्रोमीन असलेले वलय) १.८७ ग्रॅम (१० मिलिमोल), फेनिलबोरॉनिक आम्ल (बोरॉन असलेले वलय) १.३४ ग्रॅम (११ मिलिमोल), टोल्युइन २० मिलि, थोडे इथेनॉल, सोडियम कार्बोनेटचे २ मोलर द्रावण १० मिलि. सुझुकींनी बेंझीन वापरले होते; ते कर्करोगकारक म्हणून आता टोल्युइन. अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे आणि मगच ‘टेट्राकिस’, म्हणजे चार ट्रायफेनिलफॉस्फिन जोडलेले पॅलेडियम, ०.३५ ग्रॅम (३ मोल टक्के) घालून सहाएक तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणे.

बिघडते तेही ठरलेल्या जागी. टेट्राकिस लिंबासारखे पिवळे हवे. हिरवट किंवा तपकिरी झालेली बाटली टाकून द्यावी. डीगॅसिंगचा (नायट्रोजनने हवा घालवण्याचा) कंटाळा केला की हवेतला ऑक्सिजन फॉस्फिन खातो, फ्लास्कच्या काचेवर काळे पॅलेडियम धरते आणि बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू आपापसांतच जुळतात. बोरॉनिक आम्ल पाणी सोडून बोरॉक्झिन बनते, त्यामुळे बाटलीतल्या पावडरीत नेमके कोण किती हे वजनावरून कळत नाही. फेनिलच्या बाबतीत १ ग्रॅम बोरॉक्झिनमध्ये १ ग्रॅम आम्लापेक्षा बोरॉन सुमारे १७ टक्के जास्त. २-पिरिडिल बोरॉनिक आम्ल जोडणी होण्याआधीच बोरॉन गमावून बसते. तिथे वेळ आणि तापमान वाढवून उपयोग नाही, उलट नुकसानच, बोरॉनला संरक्षक गट बांधून ते हळूहळू सोडावे लागते. ब्रोमाइडऐवजी क्लोराइड असेल तर साधे ट्रायफेनिलफॉस्फिन पुरत नाही. बुकवाल्ड यांच्या प्रयोगशाळेतल्या एसफॉससारखा जाडजूड, इलेक्ट्रॉन देणारा लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) लागतो. आणि हे सगळे जमल्यावर पॅलेडियम काढायचे राहतेच. तोंडावाटे घ्यायच्या औषधात ते दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

इतके खोलात जायचे कारण असे, की बातम्यांतून झळकणारे बरेच उत्प्रेरक-संशोधन याच अभिक्रियेवर उभे आहे. ‘नवा, स्वस्त, हरित, पाच वेळा वापरता येणारा उत्प्रेरक’ आणि परीक्षेला सुझुकी. परीक्षा कशी घेतात ते पाहा. ब्रोमोबेंझीन आणि फेनिलबोरॉनिक आम्ल जोडले, बायफेनिल (जोडलेली दोन बेंझीन वलये) मिळाले, उतारा (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या पदार्थापैकी हाती आलेला) ९८ टक्के. पण फेनिलबोरॉनिक आम्ल स्वतःशीच जुळले तरी बायफेनिलच मिळते! दोन्ही वाटांनी एकच पदार्थ येणार असेल तर त्या ९८ मधले खरे किती, हे सांगणार कोण? म्हणून एका बाजूला मिथॉक्सी किंवा ॲसिटिल गट हवाच. पुनर्वापराचा तक्ता तर आणखी फसवा. अभिक्रिया तासाभरात संपत असताना दर फेरीला ती २४ तास चालवली, तर उत्प्रेरकाची नव्वद टक्के ताकद गेली तरी पाचही फेऱ्यांत ९८ च दिसेल. निम्म्यावर थांबवून, सुरुवातीचा वेग मोजून तक्ता द्यायला हवा. धातू घन उत्प्रेरकावरच राहतो असा दावा असेल तर मध्येच गरम असतानाच गाळून घ्यावे. गाळून आलेले द्रावण पुढेही अभिक्रिया करत राहिले, तर पॅलेडियम द्रावणात सुटलेले आहे.

सगळ्यांत मोठी फसगत ‘पॅलेडियमशिवाय सुझुकी’ची. निकोलस लेडबीटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मायक्रोवेव्हमध्ये, पाण्यात, कुठलाही धातू न घालता ही जोडणी झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनीच फेरतपासणी केली आणि २००५ मध्ये कारण सांगितले: बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होते. एक ग्रॅम सोड्यात ५० नॅनोग्रॅम. एवढ्यावर काम भागले. स्वतःची चूक स्वतःच छापून टाकण्याची ही रीत कुठल्याही इंडेक्समध्ये बसत नाही, ही वेगळीच गंमत. एवढा धडा समोर असूनही २०२१ च्या सुरुवातीला ‘नेचर कॅटॅलिसिस’मध्ये चिनी संशोधकांनी नुसत्या अमाइनने सुझुकी केल्याचा निबंध आला. इतर प्रयोगशाळांनी ताबडतोब करून पाहिले. ते अमाइन बनवतानाच पॅलेडियम वापरले होते आणि त्याचा अंश त्यात उरला होता. वर्ष संपायच्या आत निबंध मागे घेतला गेला. मॉस्कोच्या अनानिकोव यांच्या गटाने तर २०१९ मध्ये दाखवले की फ्लास्कमधले द्रावण ढवळणाऱ्या टेफ्लॉनच्या चुंबकी दांडीवर पडलेल्या बारीक चरांत आधीच्या प्रयोगाचा धातू अडकून बसतो आणि धुतला तरी जात नाही. जुनी दांडी नव्या फ्लास्कमध्ये टाकली की उत्प्रेरक न घालताही अभिक्रिया सुरू.

आता सायटेशनचे बघा. मागे घेतलेल्या किंवा मोडीत निघालेल्या निबंधाला खोडून काढणारा प्रत्येक संदर्भही बेरजेत जमाच होतो. उलट, नव्या दांडीने, नव्या काचसामानात, उत्प्रेरक वगळून केलेला आणि काहीच न मिळालेला ब्लँक प्रयोग निबंधाच्या पुरवणीत एका ओळीत जातो. तो उद्धृत कोण करणार?

तेव्हा आपल्या बातमीदारांना विनंती एवढीच की पुढच्या यादीच्या वेळी एखाद्या उत्प्रेरक-संशोधकाची मुलाखत घ्याल, तेव्हा एच-इंडेक्स विचारून झाला की आणखी चार गोष्टी विचारा. उतारा शुद्ध करून वजनावर मोजला, की नुसता जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर)? उत्प्रेरकाच्या एका रेणूने किती रेणू बनवले? दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेने किंवा कारखान्याने तुमची कृती चालवून पाहिली? आणि ब्लँक केला होता का, केला असेल तर दांडी नवी होती का? उत्तरे छापायला चार ओळी पुरतील; पुष्पगुच्छाचा फोटो थोडा लहान करावा लागेल इतकेच.

आपला वाचक,
सेंद्रिय रसायनशास्त्राचा एक अध्यापक, पुणे