अकरा मिस्ड कॉल आणि एक वही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मागच्या बुधवारी मी फोन सायलेंटवर टाकून झोपले आणि सकाळी उठून पाहते तर आईचे अकरा मिस्ड कॉल. शेवटचा पहाटे साडेतीनचा. मी फोन केला तर आई म्हणाली, "अगं, मला वाटलं..." आणि पुढे तिला बोलवेचना. मागून बाबांचा आवाज, "मी कधीचा सांगतोय हिला, विचार करू नकोस, झोप."

मी चिडून फोन ठेवला. चुकलंच माझं. कारण आईची ही सवय माझ्यात पुरेपूर उतरली आहे, फक्त मी ती तुम्हाला दिसू देत नाही.

चार महिन्यांपूर्वी रात्री माझ्या साहेबांचा मेसेज आला, 'उद्या जरा बोलायचंय.' एवढंच. पाच मिनिटांत माझी नोकरी गेली, साठवलेले पैसे संपले आणि बॅगा घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी साहेबांनी विचारलं, "मी दोन आठवडे रजेवर जातोय, तेवढं माझं काम बघाल का?"

त्यानंतर मी एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. (तुम्हाला सांगितलं नव्हतं. आई, आत्ता तुझ्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. तसं काही नाही, मी ठणठणीत आहे.) त्यांनी मला एक साधी वही करायला लावली. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, आणि चौथा रकाना रिकामा: शेवटी काय झालं.

ही पद्धत त्यांची स्वतःची नाही. १९६०च्या दशकात आरन बेक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की खचलेल्या माणसांच्या मनात सतत काही वाक्यं झरझर येऊन जातात. 'मला जमणार नाही', 'आता संपलं सगळं'. ती इतक्या पटकन येतात की माणूस त्यांना विचार म्हणून ओळखतच नाही, घडलेली गोष्टच समजतो. वही त्यासाठीच. आपल्या मनात पाल चुकचुकली की आपण थेट पळत सुटतो. लिहायला बसलं की निदान दिसतं, पाल होती की नुसता आवाज.

बाबा, तुमचा 'विचारच करू नकोस' हा उपाय मात्र चालत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. त्यांना नंतर खुशाल विचार करायची मोकळीक दिली, तर सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्याच मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. आता सांगा, बिचारी आई काय करणार? आणि तुमचे ते सकाळचे सुविचारही. मी वाचते, पण 'सदा हसत राहा' वाचून मला आजवर एकदाही हसू आलेलं नाही.

माझ्या वहीत आतापर्यंत एक्केचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या तीन खऱ्या ठरल्या. एक मैत्रीण खरंच रागावली होती, एक काम खरंच हातचं गेलं, आणि एकदा गाडी चुकली. म्हणजे भीती दर वेळी खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण त्या तिन्हींच्या आदल्या रात्री जागून माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. जे केलं ते दुसऱ्या दिवशी, घडल्यावरच केलं.

आणि आई, तुझी प्रत्येक काळजी मी या वहीत कोंबणार नाही. बाबा रक्तदाबाची गोळी चुकवतात हे तुझ्याच लक्षात आलं ना? तिथे पुरावा होता, भरलेली पाकिटं. तू डॉक्टरांना फोन केलास आणि रात्री शांत झोपलीस. अगदी तसंच हवं.

सवय लगेच सुटत नाही. नवीन सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे लंडनमधल्या एका अभ्यासात पाहिलं होतं. सरासरी ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मी बहुधा २५४ वाली. तुझी पासष्ट वर्षांची सवय आहे, तेव्हा घाई नाही.

तर कपाटात जुन्या डायऱ्या पडल्यात, त्यातली एक काढ. रात्री मला फोन लावण्याआधी एक ओळ लिही, मग खुशाल लाव. तुमचे दोघांचे नंबर सायलेंटवरही वाजतील असं मी करून ठेवलंय. बाबा, रकाने आखून द्यायचं काम तुमचं, पट्टी घेऊन.

माझी कालची नोंद तशीच उतरवते:
काय घडलं: संध्याकाळी तीनदा फोन केला, दोघांनी उचलला नाही.
मनात काय आलं: बाबा बाथरूममध्ये पडले.
पुरावा: नाही.
शेवटी काय झालं: टीव्हीचा आवाज मोठा करून दोघं मॅच बघत बसले होते.

तुमची,
धाकटी